डाव्या बाजूची काठी

मी कुंग-फू शिकवते. लग्नकार्यात हे वाक्य उच्चारलं की शेजारी बसलेली बाई आधी माझ्या मनगटांकडे बघते, मग माझ्या आईकडे, आणि मग हळूच विचारते, "आणि नोकरी कुठं?" हीच नोकरी, मावशी. सकाळी चिंचवडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, संध्याकाळी एका शाळेच्या पटांगणात आणि रविवारी चाकणजवळ महाळुंग्याला.

कामाच्या आठवणी लोक सहसा निवृत्त झाल्यावर लिहितात. मला तेवढा धीर नाही. उशीर केला की आठवणी गुळगुळीत होतात, माणसं सगळ्यांना माफ करून टाकतात. मी अजून काही जणांना माफ केलेलं नाही आणि ते इथं लिहायचं आहे.

माझे वडील कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. गुलाबी, पिवळा, पातळ कागद आणि बोटांना लागणारी शाई. मी अक्षरं त्यावरच गिरवली. त्यामुळे कुठलीही गोष्ट मनाविरुद्ध झाली की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, मग मागण्या. हा स्वभाव कुंग-फूच्या वर्गात उपयोगी पडतो आणि अंगलटही येतो.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सोसायटीतले एक काका आले. मुलीच्या शाळेत म्हणे छंदांची फाइल द्यायची होती. "मॅडम, महिन्याभरात पिवळा पट्टा बसेल का हिला?"

मी म्हटलं, "काका, पट्टा बसवायला ती काय पँट आहे?"

दुसरे गृहस्थ पार्किंगच्या भांडणातून आले होते. त्यांना फक्त एक फटका हवा होता. "एकच शिकवा. बाकी काही नको." मी सांगितलं, आधी काही महिने गुडघे वाकवून नुसतं उभं राहायचं, घोड्यावर बसल्यासारखं. ते कळवळून म्हणाले, "अहो, तोवर तो फ्लॅट विकून जाईल!"

तिसऱ्या, एका कंपनीच्या बाई. वार्षिक कार्यक्रमात आमच्या मुलांनी स्टेजवर काठीचा फॉर्म करावा अशी त्यांची इच्छा. मी हरखले. मग त्यांनी अटी सांगितल्या: मधला संथ भाग काढा, पाठीमागे गाणं लावा आणि शेवटी सगळ्यांनी एकदम हवेत उडी मारा. मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबेन तर वडिलांची मुलगी कसली? 'फॉर्म विकाऊ नाही' असं पत्रक काढून सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. सेक्रेटरींनी ते काढलं आणि लिफ्टमध्ये दूधवाल्याच्या जाहिरातीशिवाय काही लावायचं नाही असा नियम केला.

फॉर्म म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. समोर कुणी नसतं, पण आहे असं धरून लढायचं. तो डोक्यावर मारतो, तुम्ही काठी आडवी धरता. तो पायावर येतो, तुम्ही पाय उचलून काठी खाली सोडता. बघणाऱ्याला नाच वाटतो. पण प्रत्येक वळणात कुणा जुन्या माणसानं कधीतरी खाल्लेला मार साठवलेला असतो. पुढच्यांना तो परत खावा लागू नये म्हणून फॉर्म. तो लिहून जपता येत नाही. एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. चीनमधल्या कुठल्यातरी गावातून निघालेली एक लकब अशीच अंगाअंगातून चालत चाकणच्या एमआयडीसीत येऊन पोचली आहे, आणि तिला गाणं लावून उडी मारायला सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

ती इथवर आणली माझ्या गुरूंनी, शेलार सरांनी. सर मूळचे महाळुंग्याचे शेतकरी घराण्यातले. घरची जमीन कंपन्यांना गेली आणि त्याच मातीवर उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात सर टूलरूममध्ये लागले. तरुणपणी दाढ दुखायला लागली म्हणून पुण्यात कॅम्पात गेले. तिथले दातांचे डॉक्टर घराण्यानं चिनी, जन्मानं कलकत्त्याचे. मराठी मोडकं, पण शिव्या अस्सल. दवाखान्यामागच्या अंगणात ते सकाळी काठी फिरवायचे. सर सांगतात, "दाढ काडाया गेलो आन् काठी घिऊन आलो."

सरांचे दोन नियम. पूर्ण काठीचा फॉर्म त्यांच्यासमोर करून दाखवल्याशिवाय कुणी कुणाला शिकवायचं नाही. आणि शिकवणाऱ्यानं पुढे उभं राहायचं, शिकणाऱ्यांकडे पाठ करून. का, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. नियम होता आणि मला नियम आवडतात.

करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा मी चिंचवडला अडकले आणि सर महाळुंग्याला. त्यांच्याकडे नुकत्याच काही बायका यायला लागल्या होत्या. कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या, भाड्याच्या खोल्यांत चौघी-पाचजणी मिळून राहणाऱ्या. त्यांना अजून नुसतं उभं राहणंच शिकवून झालं होतं. वर्ग बंद पडू नये म्हणून सरांच्या मुलानं अंगणात मोबाइल लावून सरांचा पूर्ण फॉर्म चित्रित केला आणि त्या बायकांना पाठवला; त्यांनी तो बघत भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर सराव केला. सर सवयीनं पाठ करून उभे राहिले, तर मुलगा म्हणाला, "पप्पा, तोंड इकडं करा. पाठ कोन बघनार तुमची?" सरांनी तोंड इकडं केलं.

पुढे काही महिन्यांनी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा जरा अडखळायला लागली, पण राहिली. महाळुंग्याचा वर्ग माझ्याकडे आला.

पहिल्या रविवारी मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये गेले. बायका रांगेत उभ्या होत्या. कुणाच्या हातात पडद्याचा रॉड, कुणाकडे नळाचा पाइप. त्यांच्यातली पुढारी मनीषा. लातूरकडची, नवरा ट्रकवर, मुलगी गावाकडे सासूजवळ. तिनं हुकूम दिला आणि सगळ्यांनी सलाम केला.

आमचा सलाम असा: उजवी मूठ, तिच्यावर डावा पंजा. ह्यांची डावी मूठ होती आणि उजवा पंजा.

मी म्हटलं, "थांबा. हा दुखवट्याचा सलाम झाला. कोण गेलंय?"

मनीषा म्हणाली, "कोन बी न्हाई गेलं, मॅडम. सर जसं दाखविले तसंच करालाव की आम्ही."

"करा बघू पुढचं."

त्यांनी फॉर्म केला. अख्खा. मी बघत राहिले. एकही हालचाल विसरलेली नव्हती. संथ भाग संथ होता, काठी जिथं थांबायला हवी तिथं थांबत होती, आणि सगळं, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत, उलटं होतं. सर उजवीकडे वळतात तिथं या डावीकडे वळत होत्या. समोर तोंड केलेल्या माणसाची नक्कल आपण आरशासारखी करतो. त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हातासमोर येतो, आपण डावा उचलतो. पाठ करून शिकवण्याचा नियम कशासाठी होता ते मला त्या क्षणी कळलं.

दुसरी एखादी शिक्षिका हसली असती. मी चिडले. जो फॉर्म उडीपासून आणि गाण्यापासून वाचवला, तो इथं एका मोबाइलनं आतून उलटा केला होता! मी जाहीर केलं: पुसा. पहिल्यापासून, सरळ बाजूनं.

पुढचे रविवार वाईट गेले. अर्ध्या बायका सरळ वळायच्या, अर्ध्या जुन्या सवयीनं उलट्या, आणि मध्ये काठ्यांची मारामारी. कुणाचं कोपर सुजलं, कुणाचं कपाळ. रांग विरळ होत गेली. त्यातच ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांनी मला दारात गाठलं. "ताई, हॉल आठवड्यातनं एक दिवस वापरणार आन् बाकी दिवस कुलूप, हे चालायचं न्हाई. झुंबावाले मागं लागल्यात. रोज वर्ग चालवत असाल तर दिवाळीनंतर हॉल तुमचा, न्हाईतर त्यांचा."

रोज महाळुंग्याला येणं मला शक्य नव्हतं. शिफ्ट सुटण्याच्या वेळा धरून वर्ग चालवायचा तर तिथंच राहणारी शिक्षिका हवी. ती एकच होती.

मनीषा मला हॉलच्या पायरीवर अडवून म्हणाली, "मला शिकवायचंय, मॅडम."

"शिकवशील. आधी सरळ शीक. मग सरांना दाखव."

"किती दिस लागतील?"

"वर्ष तरी."

"वर्षात हॉल जातंय. अन् तुमचं उजवं-डावं करून करून माझी लाइनवर बी गफलत व्हायलीय. काल लाल वायर भलत्याच खोबणीत घातली मी. सुपरवायझर म्हणला, काय झालंय तुला, लग्न जमलंय का परत?" ती हसली नाही. "आमच्या पोरी शिफ्ट सुटली की कंपनीपासून खोलीपर्यंत एकमेकींचा हात धरून चालत्यात. वाटेत कोन कोन उभं असतंय, ते तुम्हाला सांगायला नको. परवा एकीची ओढणी ओढली. त्या पोरी मला म्हणाल्या, मनीषाताई, तुला येतंय ना, शिकव. मी काय सांगू त्यांना? मला येतंय, पर उलटं येतंय?"

"चुकीचा फॉर्म पसरवता येणार नाही, मनीषा."

"ओढणी ओढनाऱ्याला कळतंय का मॅडम, काठी कुठल्या अंगानं आली ते?"

उत्तर नसलं की मी पत्रक काढते. 'मूळ फॉर्म: आमची भूमिका' असा मथळा देऊन मी हॉलच्या दारावर एक कागद लावला. परंपरा म्हणजे काय, भेसळ म्हणजे काय, परवानगीशिवाय शिकवणाऱ्यांचं काय करायचं. आज वाचते तेव्हा वाक्यं बरी वाटतात. त्यात बाई कुठं नाही, वाट कुठं नाही, ओढणी कुठं नाही.

गावात कागद लावला की तो चालत सगळीकडे जातो. दोन-तीन दिवसांत सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. "ह्यांनी सांगितलंय, त्या पत्रकवालीला बोलाव, आन् त्या उलट्या पोरीला बी."

सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, जणू कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवलेला. मी वाकून नमस्कार केला. माझी बाजू मी वाटेत तयार केली होती: एक चूक मान्य केली की पुढची पिढी दुसरी करते, वगैरे. सरांनी डावा हात वर करून मला गप्प केलं आणि मनीषाला म्हणाले, "कर."

मनीषा अंगणात उतरली. काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांची खाट बाजूला सरकवली. मनीषानं डावी मूठ उजव्या पंजाला लावून सलाम केला.

"ए!" सर ओरडले. "सलाम तेवढा सरळ कर. मी अजून जिता हाय."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मनीषानं हात बदलले आणि सुरुवात केली. मी सरांकडे बघत होते. मला वाटलं होतं, ते पहिल्या वळणालाच थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही. त्यांची मान तिच्याबरोबर वळत होती. संथ भाग आला तेव्हा मांडीवरची डावी बोटं हलायला लागली, काठी फिरवताना फिरतात तशी. तिनं शेवटचा फटका मारून काठी थांबवली. सरांची बोटंही थांबली.

मग सर म्हणाले, "दाताचे डॉक्टर सांगायचे, डावीकडनं बी कर. उजवीकडनं आला की अर्धा फॉर्म आला. अर्धा बाकी ऱ्हायला."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "सर, दोन्ही बाजूंनी करायचा असतो हा?"

"व्हय."

"तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"मला येत न्हवता तर काय सांगू? फस्ट शिफ्ट करून, बस धरून कॅम्पात जायाचं. येकदा करता करता दम जायाचा, दुसऱ्यांदा कोन करतंय? डॉक्टर म्हनायचे, आज डावीकडनं. मी म्हनायचो, उद्या. मग डॉक्टरच गेले." सर मनीषाकडे बघत होते. "मी सोडला त्यो हिनं उचलला. न कळता उचलला, पर उचलला."

मी ज्याला मूळ म्हणत होते ते निम्मं होतं. माझं पत्रक, माझी लिफ्ट, माझा हॉलचा दरवाजा, सगळं निम्म्याच्या बाजूनं लढत होतं. उरलेलं निम्मं पडद्याचे रॉड घेऊन भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर शिकत होतं. मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

सर म्हणाले, "काठी आन."

काकू म्हणाल्या, "कुनासाठी?"

"माझ्यासाठी. हा हात मेलाय. ह्यो जिता हाय." त्यांनी डावा हात उचलला. "डावीकडनं मला येत न्हाई. हिला येतंय. ही शिकवंल."

काकूंनी आधी नाही म्हटलं, मग इस्पितळातल्या डॉक्टरांची शपथ घातली, मग मुलाला हाक मारली, आणि शेवटी काठी आणली. मी आणि सरांच्या मुलानं त्यांना दोन्हीकडून धरून अंगणात उभं केलं. मनीषा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग काही सुचल्यासारखी वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून, त्यांच्या पुढं उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली हालचाल साधी आहे. काठी जमिनीवरून उचलून बाजूला न्यायची. सरांनी अर्धं आयुष्य ती उजवीकडे नेली होती. त्यांचा डावा हात निघाला आणि उजवीकडेच गेला. काठी खाली पडली.

मनीषानं मान वळवून बघितलं. मला वाटलं, आता ती पाया पडेल, राहू द्या म्हणेल.

"सर," ती म्हणाली, "वळताना कुठं बघालाव? इकडं बगा. डोळं आधी, हात मागनं."

हे वाक्य सरांचंच होतं. त्यांनी आमच्या सगळ्यांवर ते फेकलं होतं. सर खो खो हसले. हसताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्यांनी मान हलवली आणि काठी उचलून द्यायला मला खुणावलं.

हॉल राहिला. सदस्यांना मी सांगितलं, वर्ग रोज चालेल, दोन्ही शिफ्टच्या वेळांना, आणि शिक्षिका गावातच राहते. ते म्हणाले, "ती लातूरची? व्हय, काल रस्त्यानं जाताना बघितली. पोरींच्या पुढं काठी घिऊन चालत व्हती. टपरीवरची पोरं आपली चहा पीत खाली बघत बसल्याली."

फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं सरांना आधी रागावून घेतलं आणि नंतर सांगितलं, पाय उचलायला लागलेत, चालू ठेवा. तो फॉर्म बरा करतो असा दावा मी करणार नाही. असले दावे करणारी पत्रकं मी पुष्कळ वाचली आहेत. एवढंच सांगते की सर आता मुलाच्या गाडीवरून हॉलमध्ये येतात, खुर्ची मागतात आणि खुर्चीत फार वेळ बसत नाहीत.

माझं काम वाढलं आहे. चिंचवडच्या मुलांना आता दोन्ही बाजू शिकवायच्या, तर आधी मला यायला हवी. म्हणून रविवारी मी महाळुंग्याला शिकवायला जाते आणि शिकायलाही. मनीषाला मी उजवी बाजू देते, ती मला डावी. माझी प्रगती वाईट आहे. माझं अंग हट्टी आहे, माझ्यासारखंच. मनीषा गिऱ्हाइकावर वैतागल्यासारखी म्हणते, "मॅडम, तुम्ही लई विचार करालाव. विचार कमी, पाय जास्त."

परवा आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून एकदमच केला. ती उजवीकडून, मी डावीकडून, दोघीही आपापल्या नव्या बाजूनं. मागे वायरिंगच्या लाइनवरच्या नव्या पोरी बघत होत्या. संथ भाग दोघींनाही जमला. शेवटच्या वळणाला मी विसरले आणि सवयीनं उजवीकडे फिरले, तीही विसरली आणि सवयीनं डावीकडे, आणि काठ्या मधोमध इतक्या जोरात आपटल्या की माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या. मागच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. मी मनीषाकडे बघितलं. तिनं काठी मागे घेतली नव्हती, मीही नव्हती घेतली.

सर खुर्चीचा हात धरून उठले.

"चला," ते म्हणाले, "पयल्यापासनं. दोघी बी."